पाने कोणी घ्यायची?

सकाळचे जेवण डब्यात जाते, दुपारी घर रिकामे असते. सारे कुटुंब एकत्र येऊ शकेल अशी वेळ उरते ती रात्रीच्या जेवणाची. पण बहुतेक सुशिक्षित घरांत त्या वेळी काय दिसते? मुलाचे डोळे मोबाईलवर आणि घास आईच्या हातून तोंडात, वडील बातम्यांसमोर, आणि सर्वांचे उरकल्यावर आई एकटी ओट्यापाशी. अन्न पोटात जाते, पण ते जेवण नव्हे.

दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. सल्ला योग्यच आहे. परंतु पडदा बंद केल्यावर मुलाने करायचे काय, याचे उत्तर घरालाच शोधावे लागते. नुसती बंदी घातली की ताटावर रडारड सुरू होते.

उत्तर साधे आहे. मुलाला जेवणाच्या कामात वाटेकरी करावे. तीन-चार वर्षांचे मूल मटार सोलते, पाने घेताना वाट्या मांडते. सहा-सात वर्षांचे मूल कोथिंबीर निवडते, कोशिंबीर कालवते. दहा वर्षांच्या मुलाची पहिली पोळी नकाशासारखी होईल. ती कौतुकाने खावी. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, ही ताटाची मांडणी पुस्तकातून नव्हे, वाढता वाढताच कळते. स्वतः निवडलेल्या मेथीला मूल सहसा नाक मुरडत नाही.

शिक्षणतज्ज्ञांनी हे केव्हाच ओळखले होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात लहान मुले स्वतः मेज मांडत आणि सवंगड्यांना वाढत. जपानच्या प्राथमिक शाळांत आजही मुलेच पाळीपाळीने वर्गाला वाढतात. त्या देशाने २००५ साली आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे लग्नामुंजीच्या पंगतीत मीठ-पाणी वाढण्याचे काम पोरांकडेच असे. त्यातून त्यांना आग्रह करण्याची रीत कळे आणि अन्न टाकू नये हेही कळे. पंगती केटररकडे गेल्या आणि हा धडा सुटला.

येथे दोन पथ्ये पाळावीत. काम मुलीला आणि कौतुक मुलाला, अशी वाटणी नसावी. पाने घेणे आणि उचलणे ही मुलाचीही कामे आहेत, आणि वडिलांचीही. वडील बसून राहिले तर मुलगा त्यांच्याकडूनच शिकेल. दुसरे पथ्य असे की ताटावर गुणपत्रिका काढू नये. आजोबांनी गावाकडची आठवण सांगावी, मुलांनी शाळेतली गंमत सांगावी. न्यायनिवाडा नंतर करता येतो.

प्रारंभी सांडलवंड होईल, वेळही अधिक लागेल. दमून आलेल्या आईला स्वतः उरकणेच सोपे वाटेल. पण काही आठवड्यांत हात सरावतात आणि तिच्यावरचा भार खरोखरच हलका होतो. मग तिचे पानही सर्वांबरोबर मांडले जाते. कुटुंब टिकवण्याविषयी सभांतून पुष्कळ बोलले जाते. त्याचा आरंभ, आज रात्री मुलाच्या हाती ताटे देऊन, आपल्याच घरी करता येईल.