पान फाडू नये, नोंद दुरुस्त करावी

किल्लारी-औसा भागात बाळ जन्मले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? उत्तरावर पेढे की बर्फी हे ठरते, नाव ठरते, जन्मदाखला आणि पुढे शाळेचा दाखलाही त्यावरच बनतो. परंतु क्वचित एखाद्या बाळाच्या जननेंद्रियांची घडण अपुरी असते आणि मुलाची नोंद मुलगी म्हणून होऊन जाते.

लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात असे घडले आहे. माजलगाव येथील पोलीस शिपाई ललित साळवे यांची जन्मनोंद मुलगी अशी होती व ते महिला शिपाई म्हणूनच सेवेत आले होते. मोठेपणी तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे वाय गुणसूत्र आढळले. 2017 साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती प्रथम नाकारली गेली व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे शासनाने परवानगी दिली. मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून पुन्हा रुजू झाले. 2020 साली त्यांचा विवाह झाला. आज ते एका मुलाचे वडील आहेत.

असे का घडते? गर्भ पहिले सहा-सात आठवडे मुलगा-मुलगी दोन्हींत सारखाच दिसतो. नंतर वाय गुणसूत्राच्या आज्ञेने वृषण तयार होतात व ते टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करतात. एक विकर त्याचे अधिक प्रभावी रूप बनवते आणि त्यातूनच बाह्य पुरुषेंद्रिय घडते. या साखळीचा एखादा दुवा कमजोर असला की घडण अपुरी राहते. त्या विकराचा अभाव असलेली मुले जन्मतः मुलींसारखी दिसतात. वयात येताना मात्र आवाज घोगरा होतो, शरीर पुरुषी होते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात अशी अनेक मुले आढळली व 1974 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा विशिष्ट दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. म्हणून जवळच्या नात्यात, आते-मामे भावंडांत, विवाह होतात तेथे त्याची शक्यता वाढते. ग्रहण, आईचे खाणेपिणे किंवा कुणाची नजर यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

खरी हानी दोषापेक्षा लपवण्याने होते. ‘घरची गोष्ट घरात राहू द्या, पुढे मुलामुलींची लग्ने व्हायची आहेत’ असे वडीलधारे म्हणतात आणि वर्षे निघून जातात. पोटात अडकलेले वृषण दीड वर्षाच्या आत खाली आणावे लागतात. उशीर झाल्यास वंध्यत्वाचा व कर्करोगाचा धोका वाढतो. काही बाळांत अस्पष्ट जननेंद्रियांमागे मूत्रपिंडाजवळील ग्रंथीचा विकार असतो. त्यात शरीरातील क्षार घटून पहिल्या काही आठवड्यांतच जीव जाऊ शकतो. म्हणून शंका येताच बाळाला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. गुणसूत्रे, संप्रेरके व सोनोग्राफी यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत नामकरण थांबले तरी चालेल. ज्या शस्त्रक्रियेची निकड नाही, तिची घाई करू नये. मूल मोठे झाल्यावर त्याचेही मत विचारावे. वयात येऊनही मुलीला पाळी आली नाही, आवाज बदलला, तर तिला दटावू नये. तिची तपासणी करावी.

व्यापारी घराला हे सांगण्याची गरज नसावी. खतावणीत चुकीची नोंद सापडली तर कुणी पान फाडत नाही आणि वहीही लपवून ठेवत नाही. दुरुस्तीची नोंद घालून हिशेब पुढे चालू ठेवतो. जन्माच्या दिवशी अजाणतेपणी झालेल्या नोंदीचेही तसेच आहे. ती दुरुस्त होऊ शकते, कागदावरही आणि आयुष्यातही. त्या मुलाच्या पाठीशी घर उभे राहिले पाहिजे, एवढीच अट आहे.