दिवसाची लाईट

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा खान्देशात पहूरच्या शिवारात कपाशीची वेचणी चालू असेल. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते हरभऱ्या-मक्याच्या तयारीला लागले असतील, आणि घराघरांत तोच प्रश्न असेल: या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची? शेतीच्या थ्री फेजची पाळी फिरते. रात्रीची पाळी आली की बारे द्यायला रात्रीच निघावे लागते. कानाला मफलर, हातात बॅटरी, पायात गमबूट असले तर असले. साप-विंचू तर शिवारातले रहिवासीच. अजिंठ्याच्या डोंगराकडेला बिबट्याची धास्ती वेगळी. मध्येच फ्यूज उडतो आणि अंधारात डीपीपर्यंत चालत जावे लागते. घरी बायको जागीच. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल २०२४ पासून सरकार भरते, हे खरे. पण गेलेली झोप कोण भरून देणार?

यंदाचा अंक आम्ही सूर्याला वाहिला तो या एका गाऱ्हाण्यापायी. सौरऊर्जा म्हटले की लगेच पृथ्वी वाचवण्याची भाषा सुरू होते. ती खोटी नाही. पण आमच्या भागात या तंत्रज्ञानाची पहिली कसोटी साधी आहे: ते माणसाला रात्री झोपू देते का?

सौर पंपाला सहसा बॅटरी नसते. ऊन चढले की मोटर चालते, ढग आला की धार बारीक होते, दिवस मावळला की काम बंद. शहरातल्या माणसाला हे अपुरेपण वाटेल. शेतकऱ्याला तेच हवे आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत खर्चाच्या १० टक्के रक्कम शेतकऱ्याने भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. शेंदुर्णीच्या रस्त्याला अशा एका विहिरीवर थांबलो होतो. प्लेटांच्या सावलीत शेळ्या बसलेल्या, कंट्रोलरच्या पेटीवर युरियाच्या गोणीचे पांघरूण, आणि एक आजी जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्याने हाताला येतील तेवढ्या प्लेटा पुसत होत्या. "पुसलं नाही तर मोटर रुसते," म्हणाल्या. आजींनी वेळही नेमकी निवडली होती, सकाळची. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारले तर ती तडकू शकते, आणि बोअरचे क्षाराचे पाणी काचेवर वाळले की पांढरे डाग बसतात.

आमच्याकडे एक गोड गैरसमज आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की लोक म्हणतात, सोलरला याहून चांगला मुलूख कुठला? प्लेटेला ऊन लागते, उष्मा लागत नाही. सिलिकॉनच्या प्लेटेची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. वैशाखात दुपारी प्लेट ६५-७० अंशांपर्यंत तापते, म्हणजे वीज १५ टक्क्यांच्या आसपास कमी. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ ऊन आणि बरी हवा तिला अधिक मानवते. म्हणून प्लेटा पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळला पाहिजे. बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, त्याला थांबवून हे सांगावे लागते.

नव्या संशोधनाकडेही याच नजरेने पाहावे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत उतरवत होता. आज बाजारातली चांगली प्लेट २० ते २३ टक्के देते. एकट्या सिलिकॉनची मर्यादा २९ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून आता त्यावर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढवतात. वरचा थर प्रकाशातला एक भाग टिपतो, खालचा दुसरा. मुंबईच्या आयआयटीत अशा जोडघटाने ३० टक्क्यांच्या आसपास मजल मारली आहे. कमी जागेत जास्त वीज, हे छोट्या छपराच्या घराला मोठेच वरदान. पण पेरोव्हस्काइटला दमट हवा आणि उष्णता सोसत नाही, हे त्याचे जुने दुखणे. प्रयोगशाळेतला आकडा आम्हाला मान्यच आहे. तरी कंपन्यांनी त्याची एक परीक्षा भुसावळच्या मे महिन्यात घ्यावी, मग दर सांगावा.

घराच्या छपराचे गणित त्यामानाने सोपे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि तेवढ्या प्लेटा महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतात. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी याच वाटेने सगळी सौर झाली. एक गोष्ट मात्र विकणारे सांगायला विसरतात: नेट मीटरची साधी जोडणी असेल तर लाईट गेल्यावर छपरावरचे सोलरही बंद पडते. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरची वीज मारू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. डोक्यावर लाखाचा माल आणि खाली अंधार, असे झाले की माणूस चिडतो. बॅटरी घ्यावी तर ती महाग. म्हणून पुण्याच्या आयसर आणि केपीआयटीने २०२३ मध्ये पुढे आणलेल्या सोडियमच्या बॅटरीकडे आमचे लक्ष आहे. लिथियम बाहेरून आणावे लागते; सोडियम तर मिठातही आहे. ती स्वस्तात बाजारात येईपर्यंत रात्रीच्या दिव्याला दीपनगरच्या वीजकेंद्राचा कोळसा लागणारच, हे कबूल केलेले बरे.

खरे तर उन्हाचा कारभार खान्देशात बायकांच्या हाती फार आधीपासून आहे. धाब्यावर, गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया, सांडगे वाळवणे हे सौरतंत्रच होते, त्याला अनुदान नव्हते इतकेच. धुळ्याच्या प्रा. अजय चांडक यांनी अंतर्गोल आरशांच्या सौरचुली घडवल्या. शिर्डीच्या साईप्रसादालयात २००९ पासून ७३ सौर तबकड्यांच्या वाफेवर स्वयंपाक होऊ लागला. आणि एस-फोर-एस या तरुणांच्या कंपनीने सौर वाळवणयंत्रे खेड्यातल्या बायकांच्या हाती दिली. तिला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. भाव पडला की रावेर-यावलची केळी बांधावर सडतात. ती वाळवून विकण्याचे यंत्र बचतगटाच्या दारात आले, तर जोडघटाच्या टक्केवारीपेक्षा त्याचे मोल आम्ही जास्त धरू.

आता कडू भाग. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला, तेव्हा राज्यभर त्याचे कौतुक झाले. त्याच जिल्ह्यात विखरणच्या धर्मा पाटलांची ५ एकर जमीन सौर प्रकल्पासाठी गेली आणि मोबदला हाती पडला ४ लाखांच्या घरात. खेटे घालून थकलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या त्या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले; २८ जानेवारीला ते गेले. सूर्य फुकट आहे म्हणणाऱ्यांनी जमीन फुकट नाही हे विखरणला जाऊन ऐकावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आता जमीन भाड्याने घेतात: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि जमीन मालकाचीच राहते. ही वाट निश्चित बरी. मात्र गायरानावर प्लेटा मांडायच्या तर गुरे कुठे चरायची, हे आधी ठरले पाहिजे.

पाण्याचेही तसेच. दिवसा फुकट चालणारी मोटर थांबवायला हात उचलत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेले ते सोलर येण्याआधीच. सौर पंपासोबत ठिबक नसेल तर रात्रीची झोप मिळेल आणि विहीर जाईल.

पहूरच्या पुढे अजिंठ्याच्या रस्त्याला वाकोद लागते, भवरलाल जैन यांचे गाव. त्यांच्या कंपनीचे ठिबक खान्देशात रुजले ते नळ्यांच्या किमतीपेक्षा माणसांमुळे, असे आमचे मत आहे. चोक झालेला ड्रिपर कसा मोकळा करायचा, ॲसिड कधी आणि किती सोडायचे, हे गावागावातल्या पोरांना येऊ लागले. सोलरचे घोडे इथेच अडते. वावटळीत प्लेटांचा सांगाडा वाकला, कंट्रोलर जळाला, केबल चोरीला गेली की शेतकरी फोन लावत बसतो आणि पलीकडून तक्रार नोंदवल्याचा मेसेज येतो. पिकाला मेसेज पाजता येत नाही. पंप किती बसवले याचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. पाचव्या वर्षी किती चालू आहेत, याचेही व्हावेत.

तेव्हा वाचकहो, फराळ झाला की दोन कामे करा. सौर पंप घेतला असेल तर पाच वर्षांच्या देखभालीचे आणि विम्याचे कागद शोधून एका पिशवीत घालून ठेवा. वावटळीनंतर ते सापडत नाहीत. आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेला जा. सौर कृषी वाहिनी योजनेत आपल्या फीडरचा सौर प्रकल्प कोणत्या गटात होणार आहे आणि त्यापोटी ग्रामपंचायतीला तीन वर्षे मिळणाऱ्या वार्षिक ५ लाखांचे काय करणार, हे विचारा. आमची सूचना आहे की त्यातून गावातल्या चार पोरापोरींना प्लेट, कंट्रोलर आणि पंप दुरुस्त करायला शिकवावे. ठराव झाला तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.