एच.आय.व्ही.विरोधी पेप्टाइड औषधे आणि सार्वजनिक क्षेत्राची जबाबदारी

एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या माणसाला आज गोळ्यांच्या नियमित सेवनाने दीर्घ आयुष्य लाभू शकते. भारतात १ एप्रिल २००४ पासून या गोळ्या सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागल्या आणि देशातील सुमारे २५ लाख बाधितांपैकी बहुसंख्यांचे जीवन आज त्यांवरच उभे आहे. परंतु हा विषाणू सतत रूप पालटतो. ज्यांच्या शरीरात तो एकामागून एक गोळ्यांना दाद देईनासा होतो, त्यांना निराळ्या जातीचे औषध हवे. पेप्टाइड औषधांचा प्रश्न मुख्यतः या रुग्णांचा प्रश्न आहे, आणि तो केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशीला चिकटला की त्याच्या पृष्ठभागावरील जी.पी. ४१ नावाचे प्रथिन भाल्यासारखे पेशीच्या आवरणात घुसते आणि मग स्वतःवरच दुमडते. त्यामुळे विषाणूचे व पेशीचे आवरण जवळ ओढले जाऊन एकजीव होते व विषाणूचा आत शिरकाव होतो. एन्फ्युव्हिर्टाइड हे ३६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड त्या प्रथिनाच्याच एका भागाची नक्कल आहे. ते मध्ये जाऊन बसते आणि दुमडण्याची क्रिया अडते. बहुतेक गोळ्या विषाणू पेशीत शिरल्यानंतर त्याची वाढ रोखतात. हे औषध त्याला बाहेरच थोपवते. म्हणूनच गोळ्यांना न जुमानणाऱ्या विषाणूवरही ते लागू पडते.

हा शोध कोणा कंपनीच्या तिजोरीतून निघालेला नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लागला आणि त्यामागे तेथील करदात्यांच्या पैशाचा आधार होता. १९९३ साली त्या संशोधनावर ट्रायमेरिस ही कंपनी उभी राहिली. पुढे स्वित्झर्लंडची बलाढ्य रोश कंपनी तिची भागीदार झाली. सुमारे १,००० रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्या अमेरिका खंडांत, युरोपात व ऑस्ट्रेलियात पार पडल्या. या रोगाचे सर्वांत मोठे ओझे वाहणारा आफ्रिका खंड त्यांत नव्हता. मार्च २००३ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च सुमारे २०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ९ लाख रुपयांहून अधिक होता. शोधाला पैसा जनतेचा आणि त्याच्या किमतीवर सत्ता मात्र भागधारकांची, असा हा व्यवहार होय.

तथापि मक्तेदारीचा नफा हे या किमतीचे एक कारण होय, एकमेव नव्हे. हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण पेटंट दूर झाले की औषध आपोआप स्वस्त होते, असा एक सोपा समज आपल्यातही रूढ आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत अशाच उपचाराला १०,००० डॉलरहून अधिक पडत होते. हे शक्य झाले याचे एक कारण म्हणजे १९७० चा पेटंट कायदा. त्याने औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या कृतीवरच पेटंट मान्य केले होते. दुसरे कारण असे की, त्या औषधांचे रेणू लहान होते आणि ते घडवण्याची विद्या आपल्या रसायनशास्त्रज्ञांना अवगत होती.

पेप्टाइडचे तसे नाही. एन्फ्युव्हिर्टाइड तयार करण्यास १०६ रासायनिक टप्पे लागतात. शिवाय ते पोटात पचून जाते, म्हणून दिवसातून दोनदा कातडीखाली टोचून घ्यावे लागते. चाचण्यांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाला टोचल्या जागी गाठ, वेदना वा दाह असा त्रास झाला. पेटंटचा अडसर उद्या नाहीसा झाला तरी असे औषध गावच्या रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी निर्मितीची सोपी रीत आणि दीर्घकाळ टिकणारा गुण, दोन्ही साधावे लागतील.

हे अशक्य नाही. चीनमधील नानजिंग येथील संशोधकांनी रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून राहणारे अल्ब्युव्हिर्टाइड हे पेप्टाइड विकसित केले. २०१८ साली त्या देशात त्याला परवानगी मिळाली आणि रोजच्या दोन टोचण्यांच्या जागी आठवड्याला एकदा शिरेतून औषध देणे शक्य झाले. याउलट टी-१२४९ या पुढच्या पिढीच्या पेप्टाइडची कहाणी पाहा. एन्फ्युव्हिर्टाइडला दाद न देणाऱ्या विषाणूवरही ते परिणामकारक ठरत असल्याचे दिसले होते. तरीही २००४ साली रोश व ट्रायमेरिस यांनी तांत्रिक अडचणींमुळे त्याचा विकास थांबवला. अडचणी खऱ्या असतीलही. परंतु त्या सोडवण्यासाठी किती वर्षे व किती पैसा खर्ची घालायचा, हे ज्या समाजात बाजार ठरवतो, तेथे थोड्या व गरीब रुग्णांचे औषध नेहमीच अर्ध्या वाटेवर राहते. मधुमेह व लठ्ठपणा यांवरील सेमाग्लुटाइड हेही पेप्टाइडच आहे; त्याला सधन गिऱ्हाईक असल्यामुळे जगभरचे भांडवल तिकडे धावले, आणि भारतीय कंपन्याही त्यात मागे राहिल्या नाहीत. म्हणजे उणीव विद्येची नाही, उद्दिष्टाची आहे.

आणि ही विद्या भारताला परकी नाही. पेप्टाइडची साखळी कोणकोणत्या वळणांनी दुमडू शकते, याचा जगभर वापरला जाणारा आलेख १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला. १९९३ साली सिप्लाने झिडोव्हुडिन बाजारात आणले, त्याची कृती हैदराबादच्या सरकारी रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत ए. व्ही. रामराव यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली होती. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५५ पासून पेनिसिलिन दिले, एवढेच नव्हे तर हॅमायसिन हे स्वतःचे प्रतिजैविकही शोधून काढले. अशा कारखान्याला नवे काम देण्याऐवजी डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो विक्रीस काढण्याचा आणि इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही दुसरी सार्वजनिक कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. हा काटकसरीचा नव्हे, आत्मघाताचा निर्णय होय.

२००५ साली पेटंट कायदा बदलताना संसदेत डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे जी संरक्षक कलमे त्यात आली, त्यांचे रक्षण केलेच पाहिजे. पण केवळ बचावाच्या लढाईने नवे औषध निर्माण होत नाही. म्हणून आमची मागणी अशी की, सरकारी प्रयोगशाळा, पुण्याची राष्ट्रीय विषाणू व एड्स संशोधन संस्था आणि सार्वजनिक औषध कारखाने यांना जोडून पेप्टाइडनिर्मितीचे एक राष्ट्रीय केंद्र उभारावे. जनतेच्या पैशातून लागलेल्या शोधाची मालकी जनतेकडेच राहावी. आणि मणिपूर, मिझोरामपासून महाराष्ट्र, आंध्रपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या चालेनाशा झाल्या आहेत, त्यांना नवे औषध विनामूल्य मिळण्याची हमी द्यावी. अशा रुग्णांची संख्या थोडी आहे, हे त्यांना वाऱ्यावर सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. कामगार संघटना, आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या संघटना यांनी ही मागणी आपल्या कार्यक्रमात समाविष्ट करावी आणि ती पदरात पडेपर्यंत लावून धरावी.