सुपारी घ्या, पण कागदावर

लग्नसराई आणि गणपती संपले की डीजे वाजवणाऱ्या पोरांचे हात रिकामे राहतात. काम नाही असं नाही, ते शोधायला गाव सोडावं लागतं. नोव्हेंबर ते मार्च गोव्यात हणजूण-वागातोरचे क्लब आणि रिसॉर्टमधली लग्नं भरात असतात. उदयपूर-जयपूरच्या संगीत सोहळ्यांना पंजाबी गाण्यावरून झिंगाटवर सहज येणारा हात हवाच असतो. दुबई-थायलंडला भारतीय लग्नं नेणारे इव्हेंटवाले मुंबईतूनही माणसं ठरवतात. क्रूझ जहाजांवर काही महिन्यांचा करार मिळतो. बँक्वेट मॅनेजरला व्हिजिटिंग कार्डापेक्षा हळदीत वाजवलेला वीस मिनिटांचा सलग मिक्स पाठवा. मात्र टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन वाजवायला जाऊ नका; पकडले गेलात तर आयोजक हात वर करतो आणि निस्तरावं तुम्हाला लागतं. इथेही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर एरवी बंदच, तेव्हा वेळ आधी ठरवा. तारीख, तास, मानधन, प्रवास, राहणं सगळं लिहून घ्या आणि निम्मा विसार खात्यात जमा झाल्याशिवाय कन्सोल गाडीत चढवू नका.