शुश्रूषेची वर्षे आणि इंग्रजीतील मुलाखत

घरातील दीर्घ आजारपण स्थिरावले की शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीपुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. चार-पाच वर्षांपूर्वी सोडलेली नोकरी पुन्हा मिळवायची, तर मुलाखत द्यावी लागणार आणि बहुतेक ठिकाणी ती इंग्रजीत होणार. मराठी माध्यमात शिकलेल्या सुनेला वा मुलाला कामाची माहिती पुरेशी असते. भय वाटते ते भाषेचे आणि ‘मधली वर्षे कोठे होतात?’ या प्रश्नाचे. अंथरुणावरील आईवडिलांच्या मनातही बोच असते, की आपल्यापायी हिचे नुकसान झाले. म्हणून ही तयारी दोघांनी मिळून करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम भयाचे स्वरूप पाहू. परीक्षेचा प्रसंग आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. हृदयाचे ठोके जलद होतात, लाळ कमी होऊन तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात आणि येत असलेला शब्दही वेळेवर सुचत नाही. हा भाषेच्या अज्ञानाचा पुरावा नव्हे. मातृभाषेत बोलणाऱ्यांचीही अशीच अवस्था होते. त्यावर साधा उपाय म्हणजे श्वास सावकाश घेऊन त्याहून अधिक वेळ सोडणे. तीन-चार मिनिटे असे केल्यास ठोके मंदावू लागतात. जवळ पाणी ठेवावे. आदल्या रात्री नवे काही पाठ करीत जागू नये, पुरेशी झोप घ्यावी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यातील ठोके कमी करणारी वा झोपेची गोळी ‘आजच्यापुरती’ म्हणून घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीने दमेकऱ्यास श्वास कोंडण्याचा धोका असतो आणि झोपेच्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही राहू शकते.

आता भाषेकडे वळू. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘सासूबाईंची मी चार वर्षे शुश्रूषा केली’ हे वाक्य मनात जुळवून त्याचे भाषांतर करू लागलो, की इंग्रजीत ते मध्येच अडखळते. म्हणून कर्ता आणि क्रियापद प्रथम उच्चारण्याची सवय लावावी : ‘आय लुक्ड आफ्टर...’ उरलेले शब्द मागून येतात. वाक्ये लहान ठेवावीत. ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ने आरंभ न करता ‘माय नेम इज’ म्हणावे. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ऐवजी ‘फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणावे. आपल्याकडे पदवी मिळाल्यास ‘पास्ड आऊट’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण परदेशी श्रोत्यास त्याचा अर्थ ‘बेशुद्ध पडलो’ असा वाटू शकतो. तेथे ‘ग्रॅज्युएटेड’ हा शब्द योग्य. प्रश्न कळला नाही, तर गप्प राहू नये. ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. विचार करण्यास अवधी हवा असेल, तर ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’ हे वाक्य जिभेवर असू द्यावे.

मधल्या वर्षांविषयीचे उत्तर मात्र आधीच घडवून ठेवावे. त्यात क्षमायाचना नको, दुःखाची कहाणीही नको. उदाहरणार्थ : ‘आय लुक्ड आफ्टर माय मदर-इन-लॉ आफ्टर हर स्ट्रोक. आय मॅनेज्ड हर मेडिसिन्स, हर अपॉइंटमेंट्स अँड द हाउसहोल्ड अकाउंट्स. शी इज स्टेबल नाऊ, अँड आय अ‍ॅम रेडी टू वर्क.’ तीन वाक्यांत काय घडले, काय केले आणि आज काय स्थिती आहे, हे सांगून होते. औषधांच्या वेळा सांभाळणे, बिलांचा हिशेब ठेवणे, अडचणीच्या क्षणी निर्णय घेणे हे कामच होते, हे बोलणाऱ्याने स्वतः मानले, तरच ऐकणारा ते मानील.

हे सारे वहीत लिहून भागत नाही, ते मोठ्याने बोलावे लागते. येथे ज्येष्ठांचे साहाय्य मोलाचे ठरते. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते, तेव्हा प्रथम स, श, फ यांसारखे बारीक ध्वनी निसटतात. अशा श्रोत्यास प्रत्येक शब्द कळावा, यासाठी बोलणाऱ्यास समोर बसून, तोंड झाकू न देता, सावकाश आणि स्पष्ट बोलावे लागते. मुलाखतीतही नेमके हेच हवे असते. आजी-आजोबांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या त्यांच्या हाती द्याव्यात. त्यांनी एक काढून द्यावी आणि उत्तर संपेपर्यंत पाहत राहावे. आवाज पडला का, मान खाली गेली का, घाई झाली का, एवढेच सांगावे. मध्ये टोकू नये. रोज 15 मिनिटे, असा क्रम दोन आठवडे ठेवावा.

मुलाखतीच्या दिवशी घरी रुग्णाजवळ कोण थांबणार, औषधे कोण देणार, हे आदल्या दिवशीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. मन घरी गुंतलेले असेल, तर कोणत्याच भाषेत उत्तर सुचत नाही. आणि ज्येष्ठांनो, निघताना सुनेला वा मुलाला ‘माझी काळजी करू नकोस’ असे सांगण्यापेक्षा ‘तुझे उत्तर मला नीट ऐकू आले’ असे सांगा. त्याने अधिक धीर येईल.