पोवळ्याच्या बेटावर, बेताच्या खर्चात

जानेवारी २०२४ पासून ज्या घरात जावे त्या घरात लक्षद्वीपची चौकशी होते. फोटोतले ते निळे-हिरवे पाणी सर्वांनी पाहिलेले असते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : चार माणसांच्या कुटुंबाला परवडेल का? तंबूत राहता येईल का? मुलींना पाण्यात उतरता येईल का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होय असेच आहे. मात्र मालवणला निघावे तसे पिशवी उचलून तिथे निघता येत नाही.

पहिली गोष्ट परवान्याची. तिथला रहिवासी नसलेल्या कुणालाही, आपल्यासारख्या भारतीयालाही, प्रवेश परवाना लागतो. ओळखपत्र, फोटो, पोलिसांचा चारित्र्य दाखला अशी कागदपत्रे जमवावी लागतात, आणि कोणत्या बेटावर किती दिवस हेही अर्जात सांगावे लागते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या माहितीवर विसंबू नका, प्रशासनाकडूनच खात्री करा. एजंट म्हणेल, "पैसे भरा, परवाना नंतर पाहू." असल्याला लांबूनच सलाम करावा. मोठी रक्कम परवाना हाती पडल्यावरच द्यायची.

वेळ कोणती निवडावी? आपली मे महिन्याची सुट्टी इथे फारशी कामाची नाही. मेच्या मध्यापासून समुद्र बिघडू लागतो आणि पावसाळाभर पर्यटन जवळजवळ बंदच असते. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी चांगली. रमजानात जाऊ नये असे मी म्हणेन. रोजा, डोक्यावर ऊन आणि तोंडात खारे पाणी, यांचा मेळ बसत नाही. ईदच्या आगेमागेही नको. हजारो बेटवासी त्या दिवसांत घरी परतत असतात, आणि त्यांच्या बोटीतली जागा आपण अडवू नये. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४,४७३ होती. मोठ्या दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी, बाजारासाठी या लोकांना कोचीलाच यावे लागते. आपल्याला जी सहल आहे ती त्यांची एसटी आहे, हे तिकीट काढताना ध्यानात असू द्या.

कोचीपर्यंत रेल्वे सर्वांत स्वस्त. मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकणातून थेट एर्नाकुलमला नेते. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसही कल्याण-पनवेलवरून जाते. नावात लक्षद्वीप असले तरी तीही एर्नाकुलमलाच थांबते. पुढे बोट. बेटानुसार साधारण चौदा ते अठरा तास लागतात. केबिनचा मोह सोडून बंकचे तिकीट काढले तर मोठी बचत होते. कोचीहून अगत्तीला विमानही आहे, पण चौघांचे विमानभाडे काढले की "बेताचा खर्च" हा शब्द विसरावा लागतो. बोट लागते त्यांनी उलटीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, पोटात ढवळू लागल्यावर नव्हे. हवामानामुळे बोटीची तारीख पुढे सरकते, म्हणून परतीची रेल्वे त्याच दिवशीची काढू नका. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा आणि कोचीतल्या साध्या लॉजचे भाडे हिशेबात आधीच धरा. घरातले बजेट इथेच कोलमडताना मी पाहिले आहे.

तंबूबद्दल गैरसमज फार आहे. वाटेल त्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला तिथे मुभा नाही. बंगाराम आणि तिन्नकरा या जोडबेटांवर तंबूंतल्या मुक्कामाची सोय असते, पण ती स्वस्त असेलच असे नाही. त्यापेक्षा अगत्तीत घरगुती मुक्काम करावा, दोन-तीन कुटुंबांनी मिळून होडी ठरवावी आणि दिवसभरासाठी बंगारामला जाऊन यावे. हे अंतर काही किलोमीटरचेच आहे. तंबूतच राहायचे ठरले तर दोन गोष्टी पाहा. तंबू नारळाच्या झाडाखाली नसावा. रात्री वरून पडणारा नारळ जीवघेणा असतो. आणि खाण्याचे सामान घट्ट झाकणाच्या डब्यात असावे, नाहीतर उंदीर आणि खेकडे आपल्याआधी न्याहारी करतात.

पाण्याचे मोल तिथे गेल्यावर कळते. बेटाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा जास्त झाला की खाली असलेले खारे पाणी वर चढते. म्हणून २००५ साली कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला. समुद्रातून आल्यावर अर्धा तास नळाखाली उभे राहायची सवय मुंबईतच ठेवून जा. वुजू जशी बेतशीर पाण्यात होते तशीच आंघोळही एका बादलीत होते. प्लास्टिकचा कचरा आपल्यासोबत परत आणा. एवढ्याशा बेटावर तो टाकायला जागाच नाही.

जेवणाची चिंता नको. तिथली बहुतेक वस्ती मुसलमान असल्याने हलालचा प्रश्न पडत नाही. ट्यूना मासा आणि नारळ मुबलक. वाळवलेल्या ट्यूनाला तिथे "मास" म्हणतात, त्यामुळे आपल्या माणसाची पहिल्या दिवशी थोडी गंमत होते.

आता पाण्यात उतरू. तोंडावर मास्क, दातांत नळी, आणि पालथे तरंगत खालची दुनिया पाहायची, एवढेच हे काम. पोहण्यात पट्टीचे असण्याची गरज नाही, पण नळीतून श्वास घेण्याची भीती आधी मोडलेली हवी. तिकिटावर हजारो रुपये घालून तिथे पोचल्यावर मुलगा घाबरून किनाऱ्यावर बसला तर काय उपयोग? गावातल्या तरणतलावात किंवा मालवणला एक-दोन दिवस सराव करावा. मास्क-नळी स्वतःची घ्या. चार दिवसांच्या भाड्यापेक्षा बरी, आणि उष्टीही नाही. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपते, त्यांनी मिशीला थोडे व्हॅसलीन लावावे. चष्मा मास्कमध्ये बसत नाही, नंबरची काच असलेला मास्क मिळतो.

बहिणींसाठी खास. सुती सलवार-कमीज, दुपट्टा किंवा बुरखा घालून खोल पाण्यात उतरू नका. भिजला की तो अंगाला ओढतो आणि पायात अडकतो. नायलॉन-पॉलिएस्टरचा, टोपी जोडलेला पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख मिळतो. अंगही झाकते आणि ऊनही लागत नाही. ते पुरुषांनाही उपयोगाचे आहे. पालथे तरंगताना पाठ किती भाजते ते रात्री झोपताना समजते. टोपीची किंवा स्कार्फची कड मास्कच्या आत जाऊ देऊ नका, तिथूनच पाणी शिरते.

बहुतेक बेटांच्या पश्चिमेला उथळ खाडीसारखे लगून असते, त्यातच राहा. ओहोटीला लगूनचे पाणी खडकांच्या कडेला असलेल्या वाटांतून जोराने बाहेर जाते. त्या ओढीला पट्टीचा पोहणाराही पुरा पडत नाही. म्हणून वाटाड्या आणि लाईफ जॅकेट या दोन गोष्टींत काटकसर करू नये, बाकी सगळीकडे करावी. एकट्याने कुणी उतरायचे नाही. प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, आणि त्याने फोटो काढत बसायचे नाही.

पाय खाली टेकवायचाही मोह आवरा. जो खडक वाटतो तो जिवंत पोवळ्यांनी बांधलेला असतो, आणि गोल दगडासारखी पोवळी वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापल्याने ही पोवळी पांढरी पडली, बरीच मेली. बंगारामजवळचे पराली-१ नावाचे छोटे बेट तर झिजत झिजत पाण्याखाली गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळी संरक्षित आहेत. मेलेला तुकडाही आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. मुलांना आधीच सांगून ठेवा. परतीच्या वेळी खिसे तपासण्यापेक्षा ते सोपे.

पैसे रोख न्या, एटीएमच्या भरवशावर राहू नका. कानाचे थेंब, जखमेचे मलम आणि ओआरएसची पाकिटे औषधांच्या डब्यात असू द्या. आणि अर्ज निदान दोन महिने आधी करा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीसाठी गणपती संपण्याची वाट पाहू नका.