वाढीव खोलीखाली गाडलेली टाकी

इस्लापूर (ता. किनवट) : मुलाचे लग्न ठरले की घराला एक खोली वाढविण्याचा विचार सुरू होतो. गावठाणातील जागा मर्यादित असल्याने नवी खोली निघते ती बहुधा मागच्या परसात किंवा पुढच्या ओट्यावर. परसात शौचालयाची टाकी असते आणि ओट्यालगत गावाची नाली. त्यामुळे घर वाढविण्याचा प्रश्न हा प्रत्यक्षात सांडपाण्याचा प्रश्न ठरतो. परंतु मिस्त्रीच्या अंदाजपत्रकात त्याला फारसे स्थान नसते. या दुर्लक्षाची किंमत पुढे घरमालकाला आणि प्रसंगी टाकी उपसणाऱ्या मजुराला मोजावी लागते.

मोठ्या शहरांत मैलवाहिन्यांची जबाबदारी महापालिकेची असते. इस्लापूरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात मात्र सांडपाणी नालीत आणि मैला घरोघरच्या टाकीत जातो. येथे मलनिस्सारणाची सारी व्यवस्था घरमालकाच्या अंगणातच असते. म्हणूनच नियम समजून घेणे आवश्यक आहे.

परवानगी सोपी, अंतर कायम

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 मध्ये नव्या बांधकामावर ग्रामपंचायतीच्या नियंत्रणाची तरतूद आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. त्यानंतर 2021 मध्ये ग्रामीण भागासाठी प्रक्रिया शिथिल करण्यात आली. सुमारे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडे सादर करणे पुरेसे ठरविण्यात आले. 3200 चौरस फुटांपर्यंत विकास शुल्क भरल्यानंतर ग्रामपंचायतीकडूनच परवानगी मिळण्याची सोय झाली.

मात्र 'परवानगीची गरज नाही' याचा अर्थ 'नियम नाही' असा अनेकांनी घेतला. अभियंत्याने प्रमाणपत्र द्यावयाचे असते ते नकाशा नियमावलीत बसतो याचेच. कागद कमी झाले तरी अंतरे कमी झालेली नाहीत.

ही अंतरे भारतीय मानक 2470 मध्ये नमूद आहेत. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिरविणारा शोषखड्डा विहिरीसारख्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर, म्हणजे सुमारे 59 फूट, आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर, म्हणजे सुमारे 20 फूट दूर हवा. परसातील खोलीचा नवा पाया हेच अंतर गिळून टाकतो. खड्डा जागेवरच राहतो. घर त्याच्याकडे सरकते.

पुढच्या बाजूचे चित्रही वेगळे नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 53 मध्ये सार्वजनिक रस्त्यावर, तसेच रस्त्याकडेच्या उघड्या नालीवर भिंत, ओटा, जोते किंवा पायरी बांधणे हे अतिक्रमण मानले आहे. ते काढून टाकण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती कलम 14 नुसार ग्रामपंचायत सदस्य होण्यास अपात्र ठरते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी हाती घेण्यात आली. अशी मोजणी झालेल्या गावात मिळकतीची हद्द कोठे संपते, हा आता तोंडी वादाचा विषय उरत नाही.

अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च

मिस्त्री खोलीचा खर्च चौरस फुटावर सांगतो. त्यात सिमेंट, लोखंड, वाळू आणि मजुरी येते. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने या भागाला थोडा दिलासा मिळाला. पण हिशेबाबाहेर राहणाऱ्या बाबी वेगळ्याच आहेत.

पहिली बाब टाकीच्या आकाराची. दर 2 वर्षांनी उपसा होईल असे धरून मानकात 5 माणसांसाठी 1.5 मीटर लांब, 75 सेंटिमीटर रुंद आणि 1.05 मीटर पाण्याच्या खोलीची टाकी सुचविली आहे. 10 माणसांसाठी हीच मापे 2 मीटर, 90 सेंटिमीटर आणि 1.40 मीटर अशी आहेत. म्हणजे माणसे दुप्पट झाली तर टाकीची क्षमता दुपटीहून अधिक लागते. सून आणि नातवंडे येणार म्हणून खोली काढली जाते. टाकी मात्र जुन्याच माणसांच्या मापाची राहते. ती लवकर भरते आणि उपशाचा खर्च वाढतो.

दुसरी बाब वायुनलिकेची. टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल, तर ही नळी घराच्या माथ्यापेक्षा 2 मीटर उंच न्यावी लागते. वर मजला चढविला तर नळीही वाढवावी लागते. खर्च किरकोळ असला तरी ती तशीच सोडल्यास टाकीतील वायू थेट वरच्या खिडकीत येतो.

तिसरी बाब पायाची. टाकीची भिंत पाणी आणि माती अडविण्यासाठी असते, छताचा भार पेलण्यासाठी नव्हे. टाकीभोवतीची भरावाची मातीही मूळ जमिनीइतकी घट्ट नसते. त्यात काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गळक्या टाकीशेजारी अशा मातीत घेतलेला पाया काही वर्षांतच भिंतीला तडे देतो. याशिवाय वाढीव बांधकामाची नोंद नमुना आठमध्ये झाल्यावर घरपट्टी वाढते, हा कायमचा खर्च वेगळाच.

झाकण बुजले की मजूर उतरतो

सर्वांत गंभीर चूक म्हणजे टाकीचे झाकण फरशीखाली गाडणे. झाकण बुजले की उपसा करणाऱ्या वाहनाचा पाइप टाकीपर्यंत पोहोचत नाही. मग फरशी फोडून माणूस आत उतरविण्याचा मार्ग निवडला जातो. टाकीत साचणारा विषारी वायू काही क्षणांत बेशुद्ध करतो. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मे 2023 मध्ये शौचालयाची टाकी साफ करताना 5 मजुरांचा मृत्यू झाला. ही घटना मराठवाड्यातील खेड्यात घडली, हे विसरता येणार नाही.

2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरविण्यास बंदी घातली आहे. पहिल्याच गुन्ह्यासाठी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही बंदी केवळ ठेकेदारांपुरती नाही. टाकीत उतरविणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ती लागू आहे. गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

मार्ग कोणता?

गावठाणात 20 फूट मोकळी जागा आणायची कोठून, हा ग्रामस्थांचा सवाल रास्त आहे. जमीन पाणी जिरवीत नसेल, तर शोषखड्ड्याऐवजी गाळण टाकीचा पर्याय मानकातच आहे. स्नानगृह आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी स्वतंत्रपणे जिरविता येते. शेजारच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्या कोरड्या केल्या आणि डासांवर मात केली. पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून तो प्रयोग नावाजला गेला.

2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. अशा निधीतून सामायिक शोषखड्ड्यांचा विचार होऊ शकतो. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे वाढीव बांधकामाचे कागद स्वीकारताना नकाशात टाकी, झाकण आणि शोषखड्डा दाखविला आहे की नाही, एवढे ग्रामपंचायतीने पाहणे. त्यास वेगळा निधी लागत नाही.

घरमालकानेही चुना टाकून पायाची आखणी करण्यापूर्वी टाकीचे झाकण शोधून काढावे आणि तेवढी जागा उघडी ठेवावी. खोली दोन हात लहान झाली तरी संसार अडत नाही. झाकण बुजले, तर मात्र पुढच्या उपशाच्या वेळी कोणाचा तरी जीव पणाला लागतो.